आई नाणी धुते: रिझर्व्ह बँकेला आणि अर्थ मंत्रालयाला खुलं पत्र

प्रति,
मा. गव्हर्नर, भारतीय रिझर्व्ह बँक, फोर्ट, मुंबई
आणि
मा. सचिव, आर्थिक व्यवहार विभाग, अर्थ मंत्रालय, नवी दिल्ली

विषय: दहा रुपयांची नोट, नाण्यांचे बदलते आकार आणि बँकेत नाणी जमा करून घेण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी वरळी कोळीवाड्यात राहते आणि एका खाजगी कचेरीत हिशेब लिहिते. माझी आई गेली सदतीस वर्षं मासळी विकते. पहाटे धक्क्यावर लिलावात माल घ्यायचा, टेम्पोत पाट्या चढवायच्या आणि आठच्या आत बाजारात ओट्यावर बसायचं. ओटा ओला, हात ओले, बर्फ वितळून पायाखाली पाणी. अशा ठिकाणी दहा रुपयांची कागदी नोट किती दिवस जगते, हे आपल्यापैकी कुणीतरी एकदा येऊन बघावं अशी माझी फार इच्छा आहे. कोरी करकरीत नोट पावसाळ्यात आठवडाभरात फडक्यासारखी मऊ होते. मग घडीवर चीर जाते, आणि चीर गेलेली नोट गिऱ्हाईक परत देतं: ‘मावशी, दुसरी द्या.’

संध्याकाळी आई घरी आली की आमच्याकडे दोन कामं असतात. ओल्या नोटा मी वर्तमानपत्रावर पसरते, वर आणखी एक कागद ठेवते आणि कोमट इस्त्री फिरवते. नाणी मात्र आई स्वतः धुते. छोट्या बादलीत साबणाचं पाणी करायचं, त्यात दिवसभराची नाणी ओतून हाताने ढवळायची, दोनदा पाणी बदलायचं आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर सुकत टाकायची. सकाळी त्या नाण्यांना कसलाही वास नसतो. नोटेला असतो, आणि इस्त्रीने तो जास्तच उठतो. बसमध्ये, औषधाच्या दुकानात, शाळेच्या फीच्या खिडकीवर आईची नोट लोकांनी दोन बोटांच्या चिमटीत धरलेली मी लहानपणापासून बघत आले आहे. आई त्यावर कधी काही बोलली नाही. ‘नाणं कुजत नाय,’ एवढंच म्हणते आणि सुट्टे देताना पहिल्यांदा नाण्यांकडे हात नेते.

हे आधी सांगितलं, कारण पुढचं वाचून मी नाण्यांच्या विरोधात आहे असा आपला समज होऊ नये. मी पूर्णपणे नाण्यांच्या बाजूने आहे. एक रुपयाच्या नोटेची छपाई १९९४ मध्ये आणि दोन व पाचच्या नोटांची १९९५ मध्ये थांबवली, तो निर्णय योग्यच होता. छोट्या नोटांची संख्या अफाट, त्या लवकर मरायच्या, आणि छापखान्यांची ताकद त्यांच्यातच खर्ची पडायची. नाणं वर्षानुवर्षं चालतं. पण त्या निर्णयानंतर लगेच पुरेशी नाणी आली नाहीत, हेही आठवतं. टांकसाळी कमी पडल्या आणि काही नाणी परदेशी टांकसाळींतून घडवून आणावी लागली. त्या काळात पाच रुपयांच्या चिंध्या झालेल्या नोटा छोट्या प्लास्टिकच्या पाकिटांत घालून फिरायच्या. नोटेला कुणी हात लावायचं नाही, सगळा व्यवहार पाकिटाचा. आईकडे अशी पाकिटं रोज वीस-पंचवीस यायची आणि पाण्याने आतली नोट पाकिटालाच चिकटून बसायची. पाचची नोट पुढे काही वर्षं परत छापलीही गेली.

नाण्याची नोट आणि नोटेचं नाणं, हा प्रवास आपल्याकडे त्याआधीही झाला होता. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली तेव्हा ३० नोव्हेंबर १९१७ ला एक रुपयाची कागदी नोट निघाली. तोवर रुपया म्हणजे चांदीचा बंदा रुपया. माणसाला बंदा रुपया म्हणायची पद्धत आपल्या बोलण्यात अजून आहे. खणखणीत माणूस, मोड न करता येणारा. कागदाला ती उपमा कुणी दिली नाही.

आता तक्रार सांगते.

गेल्या वर्षी आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. शस्त्रक्रिया होईपर्यंतचे चार महिने ती बोटांनी पैसे ओळखत होती. सदतीस वर्षं नाणी हाताळलेली बाई. तिची फसगत होणार नाही असं आम्हाला वाटलं होतं. रोज चाळीस-पन्नास रुपयांचा घोळ व्हायला लागला. मला वाटलं, वय झालं. म्हणून एका रविवारी मी सगळी नाणी ओतली, मोजपट्टी घेतली, सोनाराकडे असतो तसला छोटा काटा शेजारच्या मुलाकडून आणला आणि मोजत बसले. घोळ आईच्या वयाचा नव्हता, नाण्यांचा होता.

१९९२ पासूनचं एक रुपयाचं स्टीलचं नाणं २५ मिलिमीटर व्यासाचं, ४.८५ ग्रॅमचं आहे. २०११ च्या मालिकेतलं दोन रुपयांचं नाणंही स्टीलचंच, व्यास २५ मिलिमीटर आणि वजन ४.८५ ग्रॅम. धातू, आकार आणि वजन एकच, आणि किंमत दुप्पट. दोन्ही आज चलनात आहेत. पुढे ऐका. जुनं पाच रुपयांचं नाणं २३ मिलिमीटरचं, आणि २०१९ च्या मालिकेतलं दोन रुपयांचं नाणंही २३ मिलिमीटरचं. उलट २०१९ चं पाच रुपयांचं नाणं २५ मिलिमीटरचं झालं, म्हणजे २०११ च्या दोन रुपयांएवढं. पाच आणि दोन यांनी जागाच बदलल्या. पितळी रंग दिसतो त्याला फरक कळतो. पण मध्यंतरी पाचचं नाणंही स्टीलचं निघालं होतं, ते अजून फिरतं, आणि अंधारात, घाईत, ओल्या बोटांना रंग कळत नाही.

ही नवी मालिका दृष्टिहीनांना ओळखायला सोपी म्हणून ७ मार्च २०१९ ला दृष्टिहीन मुलांच्या उपस्थितीत काढली गेली. एक रुपयापासून वीस रुपयांपर्यंत नाणं आकाराने आणि वजनाने वाढत जाईल, अशी ती रचना. वीस रुपयांना बारा कोन दिले, तेही चांगलं केलं. मालिका एकटीच असती तर आई आपल्याला दुवा देती. पण जुन्या चार मालिका तशाच चालू ठेवून त्यांच्यात ही पाचवी सोडली. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याच्या हातात आता दोन रुपयांची चार मापं आहेत.

सगळ्यात मोठं दुःख मला दोन रुपयांच्या जुन्या नाण्याचं आहे. त्याला अकरा कोन होते, सहा ग्रॅम वजन होतं. झोपेतही ओळखावं असं ते नाणं. २००५ नंतर ते गोल झालं, आणि तेव्हापासून गोल नाण्यांच्या गर्दीत हरवलं. कॅनडाने १९८७ मध्ये एक डॉलरचं नाणं काढलं, त्यालाही अकरा कोन आहेत. त्यांनी पुढे त्याचा धातू बदलला, वजन थोडं कमी केलं, पण कोन आणि व्यास आजपर्यंत तसेच ठेवले. आमच्या हातात तेच होतं आणि आम्ही ते सोडून दिलं.

कॅनडाचा विषय निघालाच आहे तर तिथलं आणखी थोडं सांगते, कारण दहा रुपयांच्या बाबतीत ते उपयोगी आहे. त्या नाण्यावर आधी होडी वल्हवणारा माणूस येणार होता. १९८६ मध्ये त्याचे साचे ओटावाहून विनिपेगच्या टांकसाळीकडे जाताना वाटेतच गहाळ झाले, बनावट नाणी निघतील या भीतीने चित्रच बदललं आणि नाण्यावर लून नावाचा पाणपक्षी आला. लोकांनी नाण्याचं नावच ‘लूनी’ पाडलं. पण नाणं रुजलं ते पक्ष्यामुळे नाही. नाणं आल्यावर दोन वर्षांत, १९८९ च्या जूनअखेर, तिथल्या मध्यवर्ती बँकेने एक डॉलरच्या नोटा देणं बंद केलं. ब्रिटनने एक पौंडाचं नाणं १९८३ मध्ये आणलं आणि १९८८ मध्ये नोट मागे घेतली. अमेरिकेने १९७९ मध्ये, मग २०००, मग २००७ मध्ये डॉलरचं नाणं पुन्हा पुन्हा काढून बघितलं, पण नोट कधीच थांबवली नाही. लोकांनी सवयीची नोटच हातात ठेवली. शंभर कोटींहून जास्त नाणी तिजोऱ्यांत पडून राहिली आणि २०११ च्या अखेरीस चलनासाठी ती पाडणंच बंद करावं लागलं.

आपण दहा रुपयांच्या बाबतीत अमेरिकेची वाट धरली आहे. २००९ पासून दहाचं नाणं लोकांच्या हातात आहे आणि दहाची नोटही छापली जाते. त्याचा परिणाम गावोगाव दिसतो. नाण्यावर पंधरा रेघा असतील तर खोटं, दहा रेघा असतील तर खरं, अशी अफवा उठली. रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये खुलासा केला, २०१८ च्या जानेवारीत पुन्हा केला की दहाच्या नाण्याचे चौदा नमुने आहेत आणि सगळे चालतात. खुलासा वर्तमानपत्रात आला, बाजारात पोचला नाही. आईच्या माहेरच्या बाजूला लग्नाला गेलो तेव्हा नारळ-फुलांच्या दुकानात दहाची चार नाणी परत आली. ‘आमच्याकडे चालत नाहीत.’ सरकारने पाडलेलं नाणं भारतात चालत नाही, हे वाक्य एक दुकानदार सहज बोलून जातो, आणि त्याला ते बोलता येतं कारण बाजूला नोट आहे. पाच रुपयांचं नाणं ‘चालत नाही’ असं कुणी म्हणत नाही. म्हणणार कसं, दुसरं आहेच काय.

म्हणून माझी विनंती आहे की दहाच्या नोटेची छपाई कधी थांबणार याची तारीख जाहीर करा. पाच वर्षांनंतरची असली तरी चालेल. पाचवी-सहावीतल्या पोरालाही ती तारीख माहीत असावी. तोवर नाणी भरपूर पुरवा, आणि नोट नंतरही कायदेशीर राहू द्या, जशा दोन आणि पाचच्या जुन्या नोटा आजही आहेत. रात्री आठ वाजताची घोषणा आम्हाला नको. २०१६ च्या नोव्हेंबरात आईने घेतलेला माल विकला गेला नाही. गिऱ्हाईक उभं होतं, पण दोघांकडेही चालणारे पैसे नव्हते. बर्फ संपला आणि दोन पाट्या बांगडे टाकून द्यावे लागले.

ओल्या बाजारासाठी प्लास्टिकच्या नोटेचा मार्गही आपल्यासमोर होता. दहा रुपयांच्या अशा नोटा कोची, म्हैसूर, जयपूर, सिमला आणि भुवनेश्वर इथे चालवून बघायचं जाहीर झालं होतं. आमच्या ओट्यापर्यंत तसली नोट आलेली नाही. तिची वाट बघण्यापेक्षा आहे ते नाणं नीट चालवणं मला शहाणपणाचं वाटतं.

आणि नीट चालवणं म्हणजे परत घेणं. हा या पत्राचा खरा मुद्दा आहे.

राज्यात दरवर्षी १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते. ते दोन महिने धंदा निम्म्याखाली येतो आणि घर साठवलेल्या पैशावर चालतं. आईची साठवण म्हणजे नाणी. नोटा खर्च होतात, नाणी डब्यात जातात, आणि मेअखेर डबा बँकेत भरायचा, अशी तिची वर्षानुवर्षांची रीत. या वर्षी ६,८४० रुपये निघाले. आम्ही दोघी ते जड ओझं उचलून शाखेत गेलो. खिडकीवरच्या साहेबांनी पिशवी बघूनच मान हलवली. मोजायला माणूस नाही, सोमवारी या. सोमवारी गेलो. एका वेळी हजारच घेता येतात, कायदाच तसा आहे. मग आईने ती पिशवी परत डोक्यावर घेतली. तिला पाटीची सवय आहे, ओझ्याचं काही नाही. पण ती वाटेत एकदाही बोलली नाही, आणि मला त्या दिवशी फार राग आला.

त्या शाखेचं नाव मी लिहिणार नाही, कारण ते साहेब वाईट नव्हते. रांग दारापर्यंत होती आणि खिडकीवर ते एकटेच होते. पण त्यांनी सांगितलेला कायदा अर्धा होता. २०११ च्या नाणे कायद्यात हजार रुपयांची मर्यादा आहे ती देणं फेडण्यापुरती. त्यापुढची रक्कम नाण्यांत घ्यायला समोरच्यावर सक्ती करता येत नाही. बँकेत नाणी जमा करायला रिझर्व्ह बँकेने कसलीच मर्यादा घातलेली नाही, आणि कुठल्याही शाखेने नाणी नाकारू नयेत हेही आपलंच फर्मान आहे. इतकंच नाही, एक आणि दोन रुपयांची नाणी वजनावर घेता येतील, शंभर-शंभर नाण्यांच्या पिशव्या करून घेता येतील, असंही आपण बँकांना कळवलेलं आहे.

वजनावर! आम्ही तराजूवर जगणारी माणसं, आम्हाला हे लगेच पटतं. पण मघाची मापं आठवा. पाच रुपयांची शंभर नाणी जुन्या जाड मालिकेतली असतील तर ९०० ग्रॅम भरतात, मधल्या मालिकेतली ६०० आणि नवी ६७४. दोन रुपयांची ६०० ग्रॅमपासून ४०७ ग्रॅमपर्यंत काहीही. आधी मालिका वेगळ्या केल्याशिवाय काटा काही सांगू शकत नाही, आणि वेगळ्या करायला तेवढाच वेळ लागतो जेवढा मोजायला. आपण आकार बदलत गेलात आणि आपणच सुचवलेला सोपा मार्ग बंद झाला. टांकसाळीत कुणी हा विचार केला नसेल, कारण नाणं परत येईल असं तिथे कुणी धरलेलंच नसावं.

नोट बँकेत परत जाते, मळकी असेल तर नष्ट होते, तिच्या जागी दुसरी येते. नाण्याला बाहेर पडायचा रस्ता दिला आणि घरी यायचा दिला नाही. म्हणूनच एकीकडे दुकानदार ‘सुट्टे नाहीत’ म्हणून गोळी हातावर ठेवतो आणि दुसरीकडे आमच्या डब्यात सात हजारांची नाणी पडून असतात. बेस्टच्या कर्मचाऱ्यांना पगाराचा काही भाग नाण्यांत मिळाल्याच्या बातम्या मुंबईकरांनी वाचल्या आहेत. त्याच बसचं किमान भाडं २०१९ मध्ये पाच रुपये झालं, वातानुकूलित बसचं सहा. २०२५ च्या मे महिन्यात ते दहा आणि बारा झालं. सहा असो की बारा, वरच्या सुट्ट्या रुपयांसाठी कंडक्टर रोज हातघाईला येतो. एकाच शहरात तुटवडा आणि साठा शेजारी शेजारी नांदतात.

आपण २०२३ मध्ये नाणी देणारी यंत्रं जाहीर केलीत, १२ शहरांत १९ ठिकाणी प्रयोग म्हणून. मोबाइलने चौकोनी कोड टिपायचा आणि यंत्रातून नाणी घ्यायची. कल्पना उत्तम आहे, पण ती यंत्रं नाणी देण्यासाठी आहेत. आईला घेणारं यंत्र हवं. ओतली की मोजून, मालिका वेगळ्या करून पैसे खात्यात टाकणारं. मुंबईत प्रत्येक मोठ्या मंडईजवळच्या, बस आगाराजवळच्या एका तरी शाखेत ते असावं. तिथे जमा झालेली नाणी त्याच मंडईतल्या दुकानदाराला सुट्टे म्हणून देता येतील. टांकसाळीला तेवढी कमी पाडावी लागतील.

कुणी म्हणेल, आता सगळे मोबाइलवरच पैसे देतात, नाण्यांचं काय घेऊन बसलात. आईच्या ओट्यावरही कोडचा कागद आहे, प्लास्टिकमध्ये घालून खांबाला बांधलेला. पापलेट-सुरमईचे पैसे त्यावर येतात. पण वीस रुपयांची करंदी घेणारी म्हातारी, बर्फ फोडणारा पोऱ्या, पाटी उचलणारा हमाल, पाणी आणून देणारी बाई यांचा व्यवहार अजून हातातल्या पैशांचा आहे. ज्यांच्याकडे सगळ्यात लहान रकमा फिरतात त्यांच्यासाठीच नाणं असतं.

हे पत्र मी दोघांना लिहिते आहे, कारण मला बरेच दिवस कळत नव्हतं की विचारायचं कुणाला. नोटेवर गव्हर्नरांची सही असते, धारकाला वचन असतं. नाणं भारत सरकारचं, रिझर्व्ह बँक ते वाटते आणि बँका ते ठेवून घेतात, किंवा घेत नाहीत. लहान असताना मी आईच्या नाण्यांतून सालाखाली हिऱ्यासारखा बारीक चौकोन असलेली नाणी निवडून काढायचे. ती आमच्या मुंबईच्या टांकसाळीतली. ती टांकसाळ आणि रिझर्व्ह बँक फोर्टात समोरासमोर आहेत. तेवढं अंतर ओलांडून एका टेबलाशी बसा आणि ठरवा: हीच मापं, पुढची पन्नास वर्षं. जुन्या मालिकेतली नाणी बँकेत आली की पुन्हा बाहेर सोडू नका, हळूहळू ती आपोआप ओसरतील, कुणाचा रुपया बुडणार नाही. आणि दहाच्या सगळ्या नमुन्यांची मोठी चित्रं मराठीत छापून प्रत्येक मंडईच्या भिंतीवर लावा.

आईचे दोन्ही डोळे आता बरे आहेत. आमच्या डब्यातले ६,८४० रुपये मी मालिकेप्रमाणे वेगळे करून शंभर-शंभरच्या पिशव्यांत भरले आहेत; प्रत्येक पिशवीवर किंमत, संख्या आणि वजन लिहिलं आहे, उरलेली सुटी एका पुडीत आहेत. गुरुवारी गिऱ्हाईक कमी असतं, म्हणून येत्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता आम्ही त्याच शाखेत जाणार आहोत. सोबत या पत्राची एक प्रत असेल. तोवर आपल्याकडून त्या शाखेला आणि मुंबईतल्या बाकीच्या शाखांना एक ओळीची आठवण गेली, तर आईला पिशवी परत डोक्यावर घ्यावी लागणार नाही.

आपली विश्वासू,
वरळी कोळीवाड्यातल्या एका मासळी विक्रेतीची मुलगी